डोंगरउतारावरील गावाच्या आठवणी: ‘पडघवली’, ‘बनगरवाडी’ आणि एक इंग्रजी ग्रामस्मृती

ग्रामीण कादंबरी, प्रादेशिक कादंबरी, व्यक्तिचित्रे, आत्मकथन असे वर्ग आपण पदवी व पदव्युत्तर वर्गांत नेहमी शिकवतो. या सर्व वर्गांतून आडवे जाणारे एक लेखन मात्र त्यांपैकी कोणत्याच चौकटीत नीटसे बसत नाही. एखादे गाव कसे जगत होते आणि ते तसे उरले नाही, एवढे सांगण्यासाठीच जे लिहिले जाते, त्याला प्रस्तुत लेखात ‘ग्रामस्मृतिलेखन’ असे म्हटले आहे. त्यात इतिहास असतो, पण कागदपत्रांचा आग्रह नसतो. त्यात कल्पितही असते, पण ते कल्पित म्हणून वाचले जावे अशी लेखकाची इच्छा नसते. असे लेखन वाचताना आपण सहसा हळवे होतो. हळवे होण्यात गैर काही नाही. तथापि त्या हळवेपणात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही आठवण कोणाची आहे, आणि त्या गावातील कोणाची नाही?

या प्रश्नाच्या अनुषंगाने गो. नी. दांडेकर यांची ‘पडघवली’ आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ या दोन कादंबऱ्यांचा येथे विचार करावयाचा आहे. दोन्ही १९५५ सालच्या आहेत. त्यांच्या शेजारी लॉरी ली या इंग्रज लेखकाचे ‘सायडर विथ रोझी’ हे १९५९ मधील स्मृतिकथन ठेवले आहे. ही तुलना प्रभाव शोधण्यासाठी नाही, तसा काही प्रभाव संभवतही नाही. एकाच दशकात, दोन अगदी भिन्न समाजांत, गाव संपत असल्याची जाणीव शब्दांत कशी उतरली आणि ती उतरताना काय गाळले गेले, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम इंग्रजी पुस्तकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मराठीच्या वर्गात ते सहसा पोहोचत नाही. लॉरी ली (१९१४–१९९७) यांचे बालपण इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्लॅड या गावी गेले. कॉट्सवोल्ड डोंगररांगेतील एका खोल, चिंचोळ्या दरीच्या उतारावर हे गाव वसले आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात तीनएक वर्षांचा लेखक तेथे आला. वडील कुटुंब सोडून गेलेले, आणि आई स्वतःची व सावत्र अशी सगळी मुले एका जुनाट घरात वाढवणारी. पुस्तकाची रचना सालवार नाही. स्वयंपाकघर, शाळा, आई, मामे, आजारपण, सण आणि सहली अशी प्रकरणे आहेत, म्हणजे लहान मुलाच्या मनात गाव जसे साठते तशी. एकाच घरात वरखाली राहणाऱ्या, परस्परांशी उभा दावा मांडलेल्या दोन म्हाताऱ्यांचे प्रकरण तर स्वतंत्र व्यक्तिचित्र म्हणून शोभेल. एकमेकींचे नावही न घेणाऱ्या या दोघींतील एक मरते, आणि वैरच उरले नाही म्हणून की काय, दुसरीही फार काळ जगत नाही.

या पुस्तकाला इंग्लंडमध्ये अफाट लोकप्रियता लाभली. शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी ते पाठ्यपुस्तक म्हणून वाचले. परिणामी त्याची प्रतिमा गोड, हिरव्या, हरवलेल्या खेड्याची झाली. ही प्रतिमा पुस्तकावर अन्याय करणारी आहे, असे माझे मत आहे. त्यातील सार्वजनिक मृत्यू आणि खाजगी खून यांविषयीचे प्रकरण पाहावे. गावातून गरिबीत बाहेर पडलेला एक मनुष्य न्यूझीलंडमध्ये पैसा कमावून परततो, हिवाळ्याच्या रात्री दारूच्या गुत्त्यात श्रीमंतीचा तोरा मिरवतो, मागे राहिलेल्यांना हिणवतो. त्या रात्री बर्फात गावातील काही तरुण त्याला गाठतात, मारतात आणि टाकून जातात. सकाळी तो गोठून मेलेला सापडतो. पोलीस येतात, विचारतात, परत जातात. कोण होते हे गावाला ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. वर्षांनंतर मरणाच्या दारातील एक म्हातारी त्या मृताच्या घड्याळाविषयी काही पुटपुटू लागते, तेव्हा घरची माणसे तिला गप्प करतात.

ग्रामस्मृतिलेखनाच्या दृष्टीने हे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गावाची एकजूट आणि गावाचे मौन या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, हे लेखकाने कोणताही निवाडा न करता दाखवले आहे. ज्या आपुलकीची आठवण काढून आपण उसासे टाकतो, तिच्याच आधाराने खून पचवला जातो. लहानपणीचा निवेदक त्या मौनात सामील आहे. प्रौढ लेखक ते मौन मोडतो, आणि तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सगळे काही मागे पडल्यावर. या काळात सत्यासत्याची जबाबदारी त्याने टाळलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. आठवणींत काळाने काही फेरफार केला असण्याची शक्यता तो आरंभीच मान्य करतो. पियानोच्या कारखान्यास लागलेल्या आगीविषयीचा मजकूर तर कायदेशीर तक्रारीनंतर पुढील आवृत्त्यांत बदलावा लागला. आठवण ही निव्वळ खाजगी मालमत्ता नाही, तिच्यात इतरांचेही हितसंबंध गुंतलेले असतात, याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

आता ‘पडघवली’. या कादंबरीची निवेदक अंबू ही खोताच्या घरची सून आहे. ही निवड किती विलक्षण आहे, याची नोंद घ्यायला हवी. आपल्या ओव्यांत, स्त्रीगीतांत आठवण येते ती माहेराची. सासर सोसावयाचे असते, आठवायचे नसते. येथे मात्र एक स्त्री सासरच्या गावाची स्मृती होऊन बसली आहे. ज्या मातीत ती जन्मली नाही त्या मातीचे झाड, पाणी, वाटा, माणसे तिने एकेक करून आपलीशी केली आहेत. ती सगळी एकामागून एक निखळत असताना ती जागची हलत नाही. जन्माने मिळालेल्या गावापेक्षा राबून मिळवलेले गाव अधिक घट्ट धरले जाते, असा काहीसा अर्थ या निवेदनातून निघतो. दांडेकरांचा स्वतःचा जन्म १९१६ साली वऱ्हाडात, परतवाड्यास झाला, हे येथे सहज आठवते. कोकण हे त्यांनाही, अंबूप्रमाणेच, एका अर्थी पुढे मिळवावे लागले.

निवेदनाची भाषा ही या कादंबरीची मोठी जमेची बाजू. अंबूच्या बोलीचे वळण, तिचे हेल, मध्येच येणारे उद्गार यांमुळे गाव दिसण्याआधी ऐकू येते. कोकणचे वर्णन असे वेगळे काढून दाखवता येत नाही. ते कामाच्या ओघात येते. आगर शिंपताना, आंबा उतरवताना, पावसाळ्याची बेगमी करताना. लॉरी लीचे स्वयंपाकघर आणि अंबूचे माजघर यांची जात एकच आहे. दोन्ही ठिकाणी इतिहास चुलीपासून सुरू होतो.

पण येथेच थांबावे लागते. अंबू ज्या घरातून गाव पाहते ते घर खोताचे आहे. कोकणातील खोती म्हणजे नुसते प्रतिष्ठेचे पद नव्हे. सरकार आणि कूळ यांच्या मधली, सारा गोळा करणारी आणि त्यापेक्षा बरेच काही वसूल करणारी ती व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याआधीपासून, १९३३ ते १९३९ या काळात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळील चरी येथील कुळांनी जमीन न कसण्याचा संप चालवला होता. सहा वर्षे पेरणी नाही, ही साधी गोष्ट नव्हे. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. ‘पडघवली’ प्रकाशित झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी.

या तारखा कादंबरीच्या डोक्यावर ठेवून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असा हेतू नाही. अंबूने जे पाहिले तेच ती सांगणार. कादंबरीकाराने तिच्या तोंडी कुळाचा दस्तऐवज घातला असता तर ती अंबू राहिली नसती. मात्र वाचकाने, विशेषतः शिक्षकाने, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोताच्या वाड्याची भिंत खचली ही अंबूच्या लेखी गावाच्या ऱ्हासाची खूण आहे. त्याच वर्षी कोणा कुळाच्या नावावर सातबारा लागला असेल, तर त्या घरात ती भिंत खचण्याची आठवण कदाचित वेगळ्या सुरात सांगितली गेली असेल. मुंबईच्या गिरणीत गेलेला मुलगा एका घराला पोरके करतो आणि दुसऱ्या घराला पहिल्यांदाच मनिऑर्डर दाखवतो. ‘गाव ओस पडले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी इतिहासदृष्ट्या त्यात कर्ता लपलेला आहे. आपल्या समीक्षेने ‘पडघवली’ला ऱ्हासाची कादंबरी म्हटले, आणि कोणाचा ऱ्हास हे विचारणे विद्यार्थ्यांच्या प्रश्नोत्तरांतून गळून गेले.

‘बनगरवाडी’ची गोष्ट निराळी. तिचा निवेदक आतला नाही. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर शाळा चालवण्यासाठी आलेला तो कोवळा मास्तर आहे. त्यामुळे येथे जिव्हाळा हळूहळू, कष्टाने जमतो. मुले शाळेत येत नाहीत, कारभाऱ्याची मर्जी राखावी लागते, आनंदा रामोशी आपण चोरी करतो हे सरळ सांगून टाकतो. शेकूचा एक बैल गेल्यावर जोखडाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते, हा प्रसंग तर मराठी वाचकाच्या मनातून जाणे नाही. माडगूळकर तेथे एकही विशेषण खर्ची घालत नाहीत. मास्तर पाहतो आणि सांगतो. तालमीची इमारत उभी राहते, राजे येतात, वाडीला काही काळ आपण वाडी असल्याचा अभिमान वाटतो. मग पाऊस पडत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला निघून जातात, शाळेत मुले उरत नाहीत, मास्तरही जातो.

हा शेवट वाचून आपण म्हणतो की बनगरवाडी संपली. येथे मला थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. संपले ते मास्तरचे बनगरवाडीतील वास्तव्य. धनगराचे मेंढरे घेऊन बाहेर पडणे ही आपत्ती खरीच, पण ती त्याच्या जगण्याची जुनी रीतही आहे. पाऊस झाल्यावर त्यांतले कोण परतले, कोणी घरावर पुन्हा माळवद घातले, हे कादंबरी सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, कारण सांगणारा तेथे नाही. त्याच्यासाठी शाळेचा हजेरीपट रिकामा झाला म्हणजे वाडी रिकामी झाली. स्थिर वस्तीत वाढलेल्या माणसाने फिरत्या समाजाची गोष्ट सांगितली की जाणे हे मरण्यासारखे दिसते. स्लॅडमध्ये ते खरे आहे. तेथे मोटारी आल्या, घोड्याच्या चालीने चालणारा काळ संपला, उमराव गेला, तरुण शहराकडे गेले आणि लेखकही बाहेर पडला. उत्तरायुष्यात ली पुन्हा स्लॅडला येऊन राहिले आणि तेथील चर्चच्या आवारातच त्यांचे दफन झाले, पण त्यांनी लिहिलेले गाव तोवर केवळ पुस्तकात होते. बनगरवाडीला हाच साचा लावणे सोपे आहे, म्हणूनच ते टाळले पाहिजे.

हा मुद्दा मी मानोऱ्यात बसून मांडतो आहे, याला कारण आहे. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका हा डोंगराळ, आणि या डोंगरांच्या उतारांवर, गावठाणापासून अंतर राखून, बंजाऱ्यांचे तांडे वसलेले आहेत. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थस्थान याच तालुक्यात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे बंजारा वारशाचे संग्रहालयही सुरू झाले. परंतु ‘गाव’ या शब्दाची जी व्याख्या मराठी ग्रामस्मृतिलेखनाने केली, तिच्यात तांडा बसत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. वतनदार, कुणबी, अलुते-बलुते यांचा असा सूक्ष्म आणि निर्भीड तपशील अन्यत्र मिळणे कठीण. परंतु त्याच ग्रंथात फिरस्त्यांकडे पाहण्याची दृष्टी ही वसूल खात्यात काम केलेल्या, गावाच्या हद्दीत उभ्या असलेल्या माणसाची आहे. फिरता तो गावावरचा बोजा. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली आपल्या बदलापूर गावावर अख्खे पुस्तक लिहिले, घरे, माणसे, चालीरीती मोजून नोंदल्या. एका गावाचा अभ्यास म्हणून तो आजही आदर्श आहे, पण तोही गावठाणात उभा राहूनच केलेला.

बंजाऱ्यांनी शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहिले. त्या व्यापाराला गोरबोलीत लदेणी म्हणतात. १८६७ पर्यंत वऱ्हाडातून आगगाडी नागपूरला पोहोचली, पक्के रस्ते झाले आणि लदेणीचा आधार तुटला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक भटक्या जमातींवर जन्मानेच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींत मोडतो. म्हणजे ज्या यांत्रिक वाहतुकीने स्लॅडच्या आणि पडघवलीच्या माणसांना गावाबाहेर नेले, तिनेच बंजाऱ्यांना डोंगरउतारावर थांबवले. एकाच यंत्राने एकाचे गाव मोडले आणि दुसऱ्याचे वसवले. ग्रामस्मृतीच्या ठरलेल्या करुण सुरात हे दुसरे वाक्य कोठे बसवायचे?

तांड्याजवळ स्मृतीची साधने नाहीत असे नव्हे. वंशावळी गाऊन सांगणारे ढाडी आहेत, होळीची लेंगी आहे, सासरी निघालेल्या मुलीचा ढावलो आहे. अनेक तांडे ते वसवणाऱ्या नायकाच्या नावाने ओळखले जातात, म्हणजे नाव हाच इतिहासाचा पहिला धडा. बळीराम पाटील यांनी १९३६ साली ‘गोर बंजारा लोकांचा इतिहास’ लिहिला. पुढे आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन आले. परंतु आत्मकथन एका माणसाचे असते आणि समाजाचा इतिहास साऱ्या समाजाचा. या दोहोंच्या मधली, एका विशिष्ट तांड्याची, त्याच्या विहिरीची, भांडणांची, मौनांची गोष्ट अद्याप यायची आहे. शिवाय तांडा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला, शहरातील बांधकामावर जातो आणि उन्हाळ्यात परत भरतो. ओस पडणे ही येथे शेवटाची खूण नाही, ती वर्षाची एक बाजू आहे. अशा वस्तीच्या आठवणी ‘होते आणि उरले नाही’ या कालरचनेत लिहिताच येणार नाहीत.

येथे आपल्या महाविद्यालयीन व्यवहाराचा प्रश्न येतो. ‘माझ्या गावाचा इतिहास’ हा प्रकल्प आपण विद्यार्थ्यांना देतो. येणाऱ्या वह्या बहुतांशी एकसारख्या असतात: गावाच्या नावाची व्युत्पत्ती, ग्रामदैवत, यात्रा, पाटलाचा वाडा, शाळेची स्थापना, लोकसंख्या. तांड्यावरून येणारी मुलगीसुद्धा ज्या ग्रामपंचायतीत तिचा तांडा मोडतो त्या गावाचे देऊळ आणि वाडा लिहून आणते, कारण इतिहास म्हणजे तेच अशी तिची समजूत आपणच करून दिलेली असते. तिला गुण चांगले मिळतात. हीच गोष्ट मला अस्वस्थ करते.

इंग्लंडात लीच्या पुस्तकानंतर दहा वर्षांनी, १९६९ साली, रोनाल्ड ब्लाइथ यांचे ‘एकेनफील्ड’ प्रसिद्ध झाले. गावाचे नाव बदललेले, परंतु बोलणारे शेतमजूर, लोहार, परिचारिका, कबरी खोदणारा हे त्या परिसरातले. लेखकाने स्वतःची आठवण बाजूला ठेवून प्रत्येकाला आपापल्या आवाजात बोलू दिले. एकच गाव इतक्या तोंडांनी सांगितले गेले की त्याचा एक सूर उरलाच नाही. त्यात मजुरांनी जुन्या दिवसांविषयी हळहळ क्वचितच व्यक्त केली. त्यांना आठवत होती ती भूक आणि मालकाची जरब. ली यांची प्रतिभा ब्लाइथ यांच्याकडे नसेल, पण आपल्या कामासाठी दुसरा नमुना अधिक उपयुक्त आहे. त्याला प्रतिभा लागत नाही, धीर आणि कान लागतो. तो आपले विद्यार्थी देऊ शकतात.

मात्र त्यासाठी प्रश्नावली बदलावी लागेल. स्थापना कधी झाली, असे विचारल्यास तांड्यातील वृद्धा गप्प राहते आणि विद्यार्थी ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहितो. हाच प्रश्न बहात्तरच्या दुष्काळापासून मोजला, सुकडी कोणी वाटली, रोजगार हमीच्या कोणत्या नाल्यावर दगड फोडले, त्या वर्षी कोण कोठे जगायला गेले आणि कोण परतले नाही, असा विचारला की तारखा आपोआप जुळू लागतात. ती हे सारे गोरबोलीत सांगेल. ते तसेच देवनागरीत उतरवून घ्यावे आणि मराठी भाषांतर नंतर, निराळ्या पानावर करावे. भाषांतराची घाई केली की मराठी कादंबरीतील गाव अलगद येऊन त्या वहीत बसते. भांडणाविषयी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर दिले नाही’ असे प्रामाणिकपणे नोंदवावे. त्या नोंदीलाही गुण असावेत, असा प्रस्ताव मी आमच्या विभागाच्या पुढील बैठकीत ठेवणार आहे.